साष्टी : आगीचा खडक, पाण्याचे बेट

भूगोलाच्या तासाला ‘ज्वालामुखीची बेटे’ हा विषय निघाला की फळ्यावर ठरावीक नावे येतात. हवाई, जावा, रियुनियन. आणि आपल्या देशातले म्हणून अंदमानजवळचे बॅरन बेट. चित्रही ठरलेले असते. निळा समुद्र, मधोमध शंकूसारखा डोंगर, त्याच्या टोकावर धूर आणि पायथ्याशी नारळीची झाडे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपरच्या शाळेत हे चित्र वहीत उतरवून घेणारा विद्यार्थी मात्र स्वतःच अशा एका बेटावर बसलेला असतो, की जे उष्ण कटिबंधात आहे, चारी बाजूंनी पाण्याने वेढलेले आहे आणि ज्याचा बहुतेक सगळा खडक ज्वालामुखीतून आलेला आहे. हे त्याला सहसा कोणी सांगत नाही.

या बेटाचे नाव साष्टी. सहासष्ट गावांचे म्हणून षट्षष्टी, आणि त्यावरून साष्टी, अशी या नावाची फोड सांगतात. इंग्रजी नकाशांत ते साल्सेट म्हणून येते. इतिहासाच्या पुस्तकात चिमाजी अप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत साष्टी भेटते आणि मग पुस्तकातून नाहीशी होते. मुंबईची प्रसिद्ध सात बेटे ती वेगळी. ती दक्षिणेला होती आणि १८व्या-१९व्या शतकांत भराव घालून एक झाली. साष्टी हे त्यांच्या उत्तरेचे, त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठे बेट. दोहोंच्या मध्ये माहीमची खाडी होती. १८०५ मध्ये शीवचा आणि १८४५ मध्ये माहीमचा बांध झाल्यावर ये-जा सोपी झाली आणि पुढे शहराला या खाडीचा विसर पडला.

बेटाची सीमा पाहायची असेल तर लोकलची खिडकी पुरते. पश्चिम रेल्वेने भाईंदर सोडून नायगावकडे जाताना जी रुंद खाडी लागते ती उत्तरेची सीमा. मध्य रेल्वेने ठाणे सोडून कळव्याकडे जाताना, किंवा मानखुर्द सोडून वाशीकडे जाताना जी ओलांडावी लागते ती पूर्वेची. पश्चिमेला तर समुद्रच आहे. मुलांना एकदा या पुलांवर ‘आता आपण बेट सोडले’ असे म्हणायला लावावे. नकाशा डोक्यात पक्का बसतो.

मग मुले हमखास विचारतात : बेट ज्वालामुखीचे, तर तो डोंगर कुठे आणि त्याचे तोंड कुठे? काही जण पवई, विहार किंवा तुळशी तलावाकडे बोट दाखवतात. हे तलाव म्हणजे ज्वालामुखीची विवरे नव्हेत. विहार आणि तुळशी १९व्या शतकात शहराच्या पाण्यासाठी बांध घालून तयार केले, आणि पवईही बांधाचाच तलाव आहे. शंकूच्या आकाराचा डोंगर न शोधण्याचे कारण वेगळे आहे. महाराष्ट्रातला बेसाल्ट, म्हणजे आपला काळा कातळ, हा एखाद्या शंकूच्या टोकातून उसळून आलेला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून शिलारस बाहेर येऊन पुराच्या पाण्यासारखा पसरला. तो थिजला, त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या उद्रेकांचा जोर होता आणि मुख्य भर दहा लाख वर्षांच्या आत उरकला, असे आता मानले जाते. आज उरलेला खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे. सह्याद्रीच्या कड्यांवर या थरांच्या पायऱ्या लांबून दिसतात. दख्खन ट्रॅप या नावातला ‘ट्रॅप’ हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

इथपर्यंतची गोष्ट पाठ्यपुस्तकात सापडते. ती लोणावळ्याला लागू पडते आणि नाशिकला लागू पडते. साष्टीला मात्र ती अर्धीच लागू पडते.

सह्याद्रीत जवळजवळ सर्वत्र एकाच जातीचा खडक, आडव्या थरांत. साष्टीत आणि मुंबईत खडकांची जणू खिचडी आहे. बेसाल्ट आहेच, शिवाय मढ, मनोरी, उत्तन या बाजूला फिकट रंगाचे ट्रॅकाइट आणि रायोलाइट आहेत, राखेचे दगड झालेले थर आहेत, टोकदार तुकडे राखेत रुतून तयार झालेला ब्रेशिया आहे, आणि मधूनमधून चक्क तळ्याच्या गाळाचे थर आहेत. असे का झाले असावे, हे समजण्यासाठी स्वयंपाकघरातले एक उदाहरण चालेल. पातळ काकवी ताटात ओतली तर पसरते. गुळाचा पाक घट्ट झाला की तो पसरत नाही. कढईत त्याचे बुडबुडे येतात ते फुटताना उडतात. शिलारसात सिलिकाचे प्रमाण कमी, म्हणजे निम्म्याच्या आसपास असेल, तर तो काकवीसारखा वाहतो आणि त्याचा बेसाल्ट होतो. सिलिका सत्तर टक्क्यांच्या घरात गेली की तो इतका चिकट होतो की आतला वायू सहज सुटत नाही. मग स्फोट होतो, राख उडते, जुन्या खडकाचे तुकडे उडून पडतात. रायोलाइट आणि राखेचे थर यांचा अर्थ हाच. सह्याद्रीत लाव्हा मुकाट्याने वाहिला. साष्टीच्या परिसरात मात्र स्फोट झाले.

हा खडक मुंबईकरांनी पिढ्यान् पिढ्या पाहिलेला आहे, फक्त ओळखलेला नाही. फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींसमोर विद्यार्थ्यांना उभे करावे. त्यांतला करडा-काळसर दगड कुर्ल्याचा बेसाल्ट, आणि पिवळसर दगड म्हणजे मालाडच्या खाणींचा ट्रॅकाइट. गेट वे ऑफ इंडियाचा पिवळा दगडही मालाडजवळच्या खारोडीचा. दक्षिण मुंबईच्या ज्या इमारती पाहायला आपण सहल नेतो त्यांतल्या कित्येक उपनगरांचे डोंगर फोडून बांधलेल्या आहेत, ही गोष्ट उपनगरांतल्या मुलांना सांगितली की त्यांना ती विशेष आवडते, असा अनुभव आहे.

तळ्याच्या गाळाचे थर हा याहून आश्चर्याचा भाग. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात इथे गोड्या पाण्याची उथळ तळी होती. लाव्हा काही ठिकाणी पाण्यात शिरला आणि झटकन थंड होऊन उशांची रास रचावी तसे त्याचे गोळे झाले. तळ्यांच्या गाळात जीव अडकले. वरळीच्या टेकडीत अशा थरांतून लहानशा बेडकांचे जीवाश्म मिळाले आणि १८४७ साली त्यांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी केले. ‘डायनोसॉर’ हा शब्द घडवणारे ते हेच ओवेन. त्याच टेकडीत गोड्या पाण्यातल्या कासवाचाही जीवाश्म सापडला. उपनगरांत जोगेश्वरीजवळ आंबोलीच्या खाणीतही असे गाळाचे थर उघडे पडले होते आणि अभ्यासकांनी तिथून जीवाश्म गोळा केले. इथे विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारता येतो. नुसता बेडूक सापडला, तर त्यावरून पाणी गोडे होते हे कसे कळले? बेडकाची कातडी पाणी आतबाहेर जाऊ देते, खाऱ्या पाण्यात त्याचे निभत नाही, हे ज्याला जीवशास्त्राच्या तासातून आठवेल तो उत्तर देईल. म्हणजे आज जिथे समुद्राच्या लाटा आपटतात, तिथे तेव्हा समुद्र नव्हता.

आता अंधेरीकडे वळू. अंधेरी पश्चिमेला भवन्स महाविद्यालयाच्या जवळ, इमारतींच्या गर्दीत एक काळा सुळका उभा आहे. उंची सुमारे ६१ मीटर. माथ्यावर गावदेवीचे देऊळ आणि तिथवर जाणाऱ्या कातळातल्या पायऱ्या. हीच गिल्बर्ट हिल. जवळ जाऊन पाहिले तर हा अखंड कडा नसून उभ्या खांबांची मोळी आहे असे दिसते. शिलारस वरच्या खडकांत घुसून तिथेच सावकाश थिजला असावा आणि नंतर भोवतालचा भाग निघून गेला, असे समजतात. अमेरिकेतल्या वायोमिंगमधला डेव्हिल्स टॉवर पाहायला जगभरातून लोक जातात. तो याच प्रकारातला. आपला गिल्बर्ट हिल पाहायला रिक्षा पुरते.

खांब का होतात? गरम खडक थंड होताना आकसतो. आकसायला जागा नसली की तडे जातात. उन्हाळ्यात तळ्याचा चिखल वाळतो तेव्हा हेच होते. एका बिंदूपासून तीन तडे, एकमेकांशी साधारण १२० अंशांचा कोन करून निघाले तर ताण सगळ्यांत काटकसरीने मोकळा होतो. आणि असे तडे एकमेकांना मिळाले की षट्कोन तयार होतात. निसर्गात पाच किंवा सात बाजूंचे खांबही असतात, तेव्हा सगळेच षट्कोन असल्याचा आग्रह धरू नये. खडक पृष्ठभागाकडून आत थंड होत जातो, तसे तडेही आत सरकतात, आणि खांब पृष्ठभागाशी काटकोनात वाढतात. गिल्बर्ट हिलचे खांब उभे आहेत, यावरून थंड होणारा पृष्ठभाग आडवा होता असे म्हणता येते. खांबांच्या दिशेवरून आता नाहीशा झालेल्या पृष्ठभागाची कल्पना करता येणे, हे मला या विषयातले फार सुंदर अनुमान वाटते.

याचा प्रयोग वर्गात होतो आणि खर्च जवळजवळ नाही. मक्याचे पीठ, म्हणजे दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळते ते, आणि पाणी साधारण समान वजनाने मिसळावे. काचेच्या रुंद भांड्यात तीन-चार सेंटिमीटर जाडीचा थर ओतावा. वर विजेचा पिवळा, तापणारा दिवा टांगून काही दिवस सावकाश वाळू द्यावे. आधी वरून खालपर्यंत मोठ्या, वेड्यावाकड्या भेगा पडतात. त्या पाहून निराश होऊ नये. पूर्ण वाळल्यावर ढेकूळ हलक्या हाताने मोडले की आत काही मिलिमीटर जाडीचे उभे खांब निघतात. दिवा जवळ आणून घाईने वाळवले तर खांब बारीक होतात, सावकाश वाळवले तर जाड. दोन गटांना दोन उंचींवर दिवा टांगायला सांगितला तर तुलना आपोआप होते. इथे उष्णतेऐवजी पाणी बाहेर जाते एवढाच फरक, आकसणे तेच. गव्हाचे पीठ घेऊन हा प्रयोग जमत नाही.

गिल्बर्ट हिलविषयी छापून येणारे एक वाक्य मात्र तपासून घ्यायला हवे. ‘साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोसॉरचा अंत पाहिलेला डोंगर’ असे त्याचे वर्णन वारंवार वाचायला मिळते. खडकाचे वय काढण्याची एक पद्धत अशी : खडकातल्या पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार फार मंद गतीने आर्गॉन वायूत बदलतो; अर्धा भाग बदलायला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. शिलारस पातळ असेपर्यंत हा वायू निसटतो. थिजल्यावर तो स्फटिकांत कोंडला जातो. किती आर्गॉन कोंडला आहे ते मोजले की घड्याळ वाचता येते. २००१ साली हेतू शेठ, कांचन पांडे आणि राजनीश भूटानी यांनी या पद्धतीने गिल्बर्ट हिलचे वय प्रसिद्ध केले ते ६ कोटी ५ लाख वर्षे, १२ लाखांनी इकडे किंवा तिकडे. मनोरी आणि साकीनाका इथल्या ट्रॅकाइटची वयेही त्याच्या जवळपास, म्हणजे ६ कोटी ४ लाख आणि ६ कोटी १८ लाख, आली. २०१७ साली मुंबईच्या काही बेसाल्टची वये सुमारे ६ कोटी २५ लाख वर्षे असल्याचे दिसले. डायनोसॉर संपले ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. म्हणजे गिल्बर्ट हिल तयार झाला तेव्हा डायनोसॉर जाऊन पन्नासहून अधिक लाख वर्षे लोटली होती. पन्नास लाख वर्षे हा फरक किरकोळ समजू नये. माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या त्याला साधारण तेवढाच काळ लोटला आहे. विद्यार्थ्यांना वर्तमानपत्रातले कात्रण आणि हे आकडे शेजारी शेजारी द्यावेत, आणि ‘१२ लाखांनी इकडे-तिकडे’ म्हणजे काय यावर बोलावे. वजाबाकी करूनही ते वाक्य वाचवता येत नाही, हे त्यांचे त्यांना दिसेल.

एवढ्या उशिरा इथे ज्वालामुखी का जागे होते? कारण त्या सुमारास भारताचा पश्चिम काठ फाटत होता. सेशेल्स बेटांना धरून असलेला भूखंड भारतापासून सुटा होऊन मध्ये समुद्राचा तळ तयार होऊ लागला होता. सेशेल्समधल्या सिलुएट बेटावरचे ज्वालामुखीचे खडकही मुंबईच्या खडकांच्याच वयाचे आहेत. फाटताना काठ खचला आणि थर समुद्राकडे झुकले. पनवेलच्या पूर्वेला आडवे असलेले थर मुंबईकडे येता येता पश्चिमेला कलतात. घाटकोपर-पवईच्या टेकड्यांत हा कल साधारण १० ते १५ अंशांचा आहे. म्हणून आपल्या टेकड्या उत्तर-दक्षिण पसरलेल्या आहेत.

या गोष्टीचे दुसरे टोक मॉरिशसजवळ आहे. पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या उष्ण झोतावरून भारत सरकत गेला आणि झोत जागच्या जागी राहिला, असे बऱ्याच भूवैज्ञानिकांचे मत आहे. त्याने दख्खनचा खडक दिला, मग ज्यावर लक्षद्वीप आणि मालदीवची प्रवाळबेटे वाढली ती समुद्रातली डोंगररांग दिली, त्यानंतर सुमारे ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस, आणि आज तो रियुनियन बेटाखाली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा जगातल्या अतिशय क्रियाशील ज्वालामुखींपैकी एक. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर, रियुनियन दक्षिणेला २१ अंशांवर. एका अंशाला १११ किलोमीटर धरून अंतर काढावे, ६ कोटी ६० लाखांनी भागावे. वर्षाला जवळजवळ ७ सेंटिमीटर येतात. हे केवळ उत्तर-दक्षिण अंतर आहे आणि वेग मधल्या काळात बदलत गेला. पण सातवीच्या गणिताने खंडाचा सरासरी वेग काढता येतो, हे काही कमी नाही. झोताची कल्पना सर्वांना मान्य नाही, हेही सांगायला हवे. खंड ताणले जाऊन फाटल्याने एवढा शिलारस वर येऊ शकतो असे मांडणाऱ्यांत वर उल्लेखिलेले, पवईच्या आयआयटीतले हेतू शेठ आहेत. जाता जाता : १९व्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर मजुरीला मॉरिशसला गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. झोताचे मत खरे असेल, तर ते एका काळ्या कातळावरून त्याच्याच धाकट्या भावंडावर जाऊन राहिले.

एवढे झाल्यावर साष्टी हे ज्वालामुखीचे बेट म्हणावे काय? हवाई किंवा रियुनियन ज्या अर्थाने तसे आहे, त्या अर्थाने नाही. तिथे ज्वालामुखीने समुद्राच्या तळापासून रास रचत बेट वर काढले. साष्टीचा खडक आगीचा, पण त्याला बेट केले ते पाण्याने, आणि तेही अगदी अलीकडे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. १९७४ साली जिथे तेल सापडले ते मुंबई हाय किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर आहे आणि तिथे समुद्र सुमारे ७५ मीटर खोल आहे. तेव्हा तिथपर्यंत जमीन असणार आणि कान्हेरीचे डोंगर किनाऱ्यापासून कितीतरी आत असणार. बर्फ वितळले, समुद्र चढला, उल्हास नदीच्या आणि ठाण्याकडच्या सखल खोऱ्यांत शिरला, त्यांच्या खाड्या झाल्या आणि मधला उंचवटा बेट होऊन राहिला. मुंबईच्या बंदरात १८८० साली सुरू झालेल्या प्रिन्सेस डॉकसाठी खोदकाम झाले तेव्हा ओहोटीच्या पातळीच्याही खाली, चिखलात गाडलेले शेकडो झाडांचे बुंधे निघाले, आणि त्यांतले बरेच उभे होते. झाडे काही समुद्रात उगवत नाहीत. जमीन खचली की समुद्र चढला की दोन्ही, यावर वाद घालता येतो. पाणी आत आले एवढे नक्की.

वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवरून ‘ज्वालामुखी अजून जागा आहे का’ अशी शंका निघते. तिचे उत्तर नाही असे आहे. पावसाचे पाणी भेगांतून खूप खोल जाते, तिथल्या नैसर्गिक उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगांतून वर येते.

ज्वालामुखी शांत झाला म्हणून खडकाचा उपद्रव संपला असे मात्र नाही. हा भाग उपनगरांतल्या शाळांनी सगळ्यांत गंभीरपणे घ्यावा. साष्टीच्या टेकड्यांत घट्ट बेसाल्ट, मऊ राख आणि ब्रेशिया एकावर एक आहेत. मऊ थर उन्हापावसाने कुजतो, त्याचा मुरूम आणि चिकणमाती होते. वरचा कातळ तसाच राहतो, पण त्याला तडे असतात. पावसाळ्यात इथे दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी तर सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. तड्यांतून पाणी आत जाते, चिकणमातीवर थांबते, थर जड आणि निसरडा होतो. त्यातच घरासाठी, रस्त्यासाठी किंवा दगडासाठी टेकडीचा पायथा उभा कापलेला असला की वरच्या भागाला आधार राहत नाही. जुलै २००० मध्ये घाटकोपरला टेकडी वस्तीवर कोसळून साठहून अधिक माणसे गेली. १८ जुलै २०२१ च्या पहाटे चेंबूर आणि विक्रोळीत टेकडीलगतची घरे गाडली जाऊन पुन्हा तीसच्या आसपास माणसे दगावली. अशा उतारांवर राहणारी मुले आपल्या वर्गांत असतात. खडक-मातीचा धडा त्यांच्यासाठी परीक्षेपुरता नाही. उतारावर नवी भेग दिसणे, झाड किंवा विजेचा खांब कलणे, संरक्षक भिंतीला पोट येणे, नेहमीचा झरा एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, दारे-खिडक्या अचानक अडकू लागणे, या खुणा मुलांना तोंडपाठ हव्यात. त्या दिसल्या तर पाऊस ओसरण्याची वाट न पाहता तिथून निघायचे आणि मोठ्यांना कळवायचे. घर हलवणे त्यांच्या हातात नसते, हे खरेच आहे. पण एका रात्रीपुरते शाळेत किंवा नातेवाइकांकडे जाणे अनेकदा असते.

खुद्द खडकही कमी होत चालला आहे. गिल्बर्ट हिलभोवतीचा दगड खाणींनी काढून नेला. २००७ साली त्याला महापालिकेच्या वारसा यादीत दुसऱ्या श्रेणीचे स्थान मिळाले, आणि इमारती तर पायथ्याशी येऊन ठेपल्या आहेत. वरळीचा बेडकांचा थर आज कोणाला सहलीला जाऊन पाहता येणार नाही. खाणी बंद झाल्या हे चांगलेच झाले. पण बंद खाणीत उघडी राहिलेली भिंत हे भूशास्त्राचे उघडे पुस्तक असते, आणि तीही आता सिमेंटखाली जाते आहे. शाळेजवळ अशी भिंत असेल तर तिचे छायाचित्र, जागा आणि तारीख यांची नोंद विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. दहा वर्षांनी कदाचित तेवढीच उरेल.

सहल काढायची तर कान्हेरीला काढावी. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शंभराहून अधिक लेणी आहेत, साधारण इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपासपासून हजारभर वर्षे वापरात असलेली. शिल्पे पाहून झाली की मुलांना भिंतीला नाक लावून पाहायला सांगावे. विटांचे तुकडे घालून केलेल्या कोब्यासारखा तो दगड दिसेल. वेगवेगळ्या रंगांचे टोकदार तुकडे, मध्ये राखेचा गिलावा. हाच स्फोटाचा ब्रेशिया. गिल्बर्ट हिलसारख्या खांबांच्या कातळात लेणे खोदले असते तर छत खांबा-खांबाने खाली आले असते. ब्रेशियाला तसे ठरावीक तडे नसतात आणि छिन्नीला तो मऊ पडतो. खोदणाऱ्यांनी हे हिशेबात घेतले असावे, असे मला वाटते. पण जे छिन्नीला मऊ ते पावसालाही मऊ. जोगेश्वरीच्या आणि महाकालीच्या लेण्यांतल्या झिजलेल्या मूर्ती पाहिल्या की ते कळते. लेण्यांच्या बाहेर कातळात खोदलेली पाण्याची टाकी, म्हणजे पोढ्या, मोजायला सांगाव्यात. बेटावर चार महिने अतोनात पाणी आणि आठ महिने टंचाई, हा प्रश्न भिक्षूंनी आपल्याआधी सोडवला होता. वाटेवरच्या उतारांवर कारवीची झुडपे दिसतील. ती आठ वर्षांनी एकदा फुलते. उद्यानात २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली होती, तेव्हा आता २०३२ ची वाट पाहावी लागेल.

पावसाळ्यात कान्हेरीचे ओढे एकाएकी चढतात आणि कातळ शेवाळाने निसरडा होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. एक भिंग, एक लोहचुंबक आणि वही बरोबर असावी. चुंबक दोऱ्याला टांगून बेसाल्टच्या सुट्या खड्याजवळ नेला तर तो थोडासा ओढला जातो, कारण त्या दगडात लोहाची चुंबकीय खनिजे असतात. उद्यानातून दगड उचलून आणायचे नाहीत. त्यासाठी घरचा पाटा-वरवंटा चालेल, तोही त्याच जातीचा आहे. आणि सोमवारी उद्यान बंद असते.